खुंटीपर्यंत आमचं

मधल्या वाटेवर तेव्हा गवत होतं. सकाळी अनवाणी गेलं की पाय घोट्यापर्यंत ओले व्हायचे. एका बाजूला आमची जागा, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्या ब्लेनमनबाईंची, आणि मधून ही वाट, एक गाडी जाईल एवढी. ती कुणाची हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आमचं लाकडी घर रस्त्यापासून बरंच आत होतं. पुढे सगळा खडक, त्याच्या बेचक्यांत आईने लावलेला कसावा आणि तूर. पायी येणाऱ्याला खडकात पायऱ्या होत्या, पण चाकाचं काही आणायचं तर ही वाटच. बाबा गाढवगाडी हाकायचे. डचेस, म्हणजे आमची गाढवी, संध्याकाळी रस्त्यावरून आपली आपण आत वळायची आणि नीरफणसाखाली थांबून बाबांकडे बघायची, काढा आता हे ओझं.

म्हातारी गेली आणि तिचा मुलगा ऑथनील लंडनहून बार्बाडोसला परत आला. तिकडे तो बस चालवायचा. जाताना नुसता ऑथनील होता, येताना ब्लेनमनसाहेब होऊन आला. म्हातारीचं फळ्यांचं घर त्याने कुणाला तरी देऊन टाकलं आणि त्या जागी पक्क्या भिंतीचं घर बांधलं, हिरव्या फरशीचा व्हरांडा केला, मागे गॅरेज काढलं. मग बंदरावर त्याची निळी मॉरिस मोटार उतरली. त्याच्या घरामागे आणि पलीकडच्या अंगाला खोल घळ, त्यामुळे गॅरेजला जायलाही हीच वाट.

"डार्न्ली," तो बाबांना म्हणाला, "वाटेवर सिमेंट घालतो. खर्च माझा. तुझीही सोय होईल."

"घाल की," बाबा म्हणाले. "डचेसचे खूर झिजतील, तेवढंच."

आई आतून म्हणाली, "काहीतरी लिहून घ्या."

"अगं, लहानपणी एकाच झाडावर चढायचो आम्ही."

"आणि कुणाच्या खांद्यावर पाय देऊन तो उतरायचा, तेही आठवा."

सिमेंट वाळलं. डचेसला लंडनच्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात तिने त्या गुळगुळीत सिमेंटवर, मॉरिसच्या अगदी नाकासमोर, आपलं काम उरकलं. ब्लेनमनसाहेब बादली घेऊन बाहेर आला.

"डार्न्ली, हे काय आहे?"

"लीद आहे, ऑथनील. एवढ्यात विसरलास?"

रस्त्यावरची माणसं हसली. मला वाटतं, ते हसू त्याच्या मनात राहिलं. दुसऱ्या दिवशी वाटेच्या तोंडाशी दोन खांब उभे राहिले आणि त्यांच्यामधे साखळी. साखळीला कुलूप, कुलपाची किल्ली साहेबाच्या जाकिटाच्या खिशात.

"लागेल तेव्हा मागा," तो म्हणाला. "मी काय नाही म्हणतो?"

तेव्हापासून डचेस रस्त्याकडेला बांधली जाऊ लागली आणि गाडीतली पोती, सामान, सगळं बाबा पाठीवर घेऊन खडक चढू लागले. आई धुसफुसायची.

"भांडायला दोघं लागतात, युडोरा," बाबा म्हणायचे.

"हो. आणि हरायला एकटा पुरतो."

मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. रविवारची सकाळ. चर्चला जायला बाबा बुटाची नाडी बांधत होते आणि त्यांचा उजवा हात मधेच थांबला. ते हाताकडे बघत राहिले, मग कलंडले. वाचा गेली. कोपऱ्यावरच्या रमच्या दुकानातून कुणीतरी फोन केला, दवाखान्याची गाडी आली आणि साखळीशी थांबली.

"आयोन, किल्ली आण," आई म्हणाली.

मी हिरव्या व्हरांड्यावर धावले. साहेबाची बायको मर्टल दारात आली.

"ते आंघोळीला गेलेत, गं."

"बाबा पडलेत. किल्ली द्या."

"किल्ली त्यांच्या खिशात असते. त्यांच्या खिशाला मी हात लावत नाही." तिने आत जाऊन दार वाजवलं. "अहो, डार्न्लीला बरं नाही. किल्ली मागतायत."

"आलो म्हणावं!"

आतून पाण्याचा आवाज येत होता आणि साहेब भजन म्हणत होता. त्याचा आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. एक कडवं संपलं, दुसरं लागलं. मर्टल माझी नजर चुकवून पडदा सारखा करत राहिली. तिसरं लागलं तेव्हा मी परत पळाले.

आईने वाट पाहिली नाही. दवाखान्याच्या दोघांनी बाबांना खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि खडकावरून नेलं. एकदा खुर्ची कलली तेव्हा त्यांचा नाडी न बांधलेला बूट गळून पडला. बोलता येत नव्हतं, पण ते मान वळवून त्या बुटाकडे बघत राहिले. रस्त्याला लागलो तेव्हा ब्लेनमनसाहेब मानेला पावडर लावून किल्ली नाचवत आला.

"अहो, सांगायचं नाही का मला! एवढं झालंय हे कळलं असतं तर मी तसाच आलो असतो!"

बाबा त्याच आठवड्यात गेले. डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. आईने ऐकून घेतलं.

"ते असेल, डॉक्टर," ती म्हणाली. "पण स्वतःच्या दारातून त्यांना सामानासारखं बांधून नेलं. तुम्ही त्यांचे डोळे पाहिले नाहीत."

अंत्ययात्रेच्या सकाळी सगळ्यांत मोठं फुलांचं चक्र आमच्या घरी आलं ते ब्लेनमनसाहेबाकडून. आईने हसून आभार मानले, आणि तो वळल्यावर मागच्या दाराने नेऊन ते शेळीपुढे टाकलं. शेळीने रिबिनीसकट खाल्लं.

त्यानंतर आईने डचेसला मामाकडे पाठवली, काळे कपडे घालून लोकांचं शिवणकाम करत बसली. साहेबाला वाटलं, बाई मोडली. आता घरात एक विधवा आणि एक पोरगी. म्हणून त्याने भूमापक आणला.

"सिमेंट माझं, साखळी माझी," तो रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाटही माझीच. एकदा नकाशावर होऊन जाऊ दे."

भूमापकाने तिपायी मांडली, दोरी लावली, तुरीच्या झुडपांत शिरून जुना हद्दीचा दगड शोधला. शेवटी त्याने सिमेंट फोडून लोखंडी खुंट्या ठोकल्या. ओळ बरोबर वाटेच्या मधोमध आली. साहेबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण तो सावरला.

"ठीक आहे. निम्मी तर निम्मी. साखळी मात्र राहणार."

आई इतका वेळ एप्रनमध्ये हात घालून उभी होती. तिने भूमापकाला विचारलं, "म्हणजे या खुंटीपर्यंत माझं?"

"तुमचंच, बाई."

"इथपर्यंत मी काहीही ठेवलं तर चालेल?"

साहेब मोठ्याने हसला. "ठेवा की! शेंगा वाळत घाला, नाहीतर शेळी बांधा. पण माझ्या बाजूला एक बोट आलं ना, तर कोर्टात खेचीन. एक बोट!"

"एक बोट येणार नाही," आई म्हणाली. मग जमलेल्या लोकांकडे वळली. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

दुसऱ्या दिवशी तिने सीफसला बोलावलं. सीफस म्हणजे गावात घरं हलवणारा. तेव्हाची आमची घरं सैल दगडांवर नुसती टेकवलेली असायची. जमीन मळेवाल्याची आणि घर आपलं, म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी घर असंच बांधलं, की मालक म्हणाला 'ऊठ', तर घरासकट उठता यावं. आमची जागा बाबांनी पुढे विकत घेतली होती, पण घर तेच राहिलं. ब्लेनमनसाहेब स्वतः असल्याच घरात जन्मला होता. पण लंडनला विटांच्या घरात राहिला, इथे भिंतीच्या घरात निजला आणि साफ विसरला. भिंतीत राहणाऱ्याला वाटतं, सगळी घरं जागची हलत नाहीत.

"कुठल्या गावी न्यायचं, युडोराबाई?" सीफसने विचारलं.

"गावी नाही. इथेच, थोडं वाटेकडे. खुंटीपर्यंत."

सीफसने घराकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं. मग मागच्या गॅरेजात चमकणारं मॉरिसचं निळं नाक त्याला दिसलं आणि तो पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"बाई, नुसतं मक्याचं कूकू आणि उडत्या माशांचं कालवण करा. वर एक रमची बाटली. माणसं मी आणतो. ह्या कामाला तर मेलेलेही उठून येतील."

दिवस ठरला पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या सुट्टीच्या सोमवारचा. त्या दिवशी चर्चची सहल बसने बाथशेबाच्या किनाऱ्यावर जायची. ब्लेनमन नवराबायको टोपली घेऊन निघाले. साहेबाने मॉरिसवर चादर पांघरली, गॅरेज लावलं, साखळी ओढून पाहिली.

आई दारातून म्हणाली, "मजा करा, मर्टल! लाटा वाईट असतात तिकडे, जपून हं!"

बस वळणाआड गेली आणि गल्लीगल्लीतून माणसं आली. जॅक आले, दोर आले, सुरूचे गोल ओंडके आले. खाली अंथरलेल्या फळ्यांना साबण चोळला. काचा चादरींत गुंडाळल्या, बशा मात्र आईने कपाटातून काढू दिल्या नाहीत. "बाबांचा फोटो?" मी विचारलं. "राहू दे भिंतीवर. त्यांना बघू दे."

"हां, सगळे मिळून!" सीफस ओरडला. "लग्नाच्या रात्रीसारखा जोर लावा! अरे फिट्झ, तुझ्या नको, दुसऱ्याच्या लग्नाच्या!"

घर करकरलं. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठते ना, तसं उठलं. मग खिडकीतले पडदे हलवत सरकू लागलं. नीरफणसाखाली कूकू ढवळता ढवळता आई बघत होती. त्या दिवशीचा मक्याच्या पिठाचा आणि भेंडीचा वास, पुरुषांच्या घामाचा, साबणाचा वास... किती वर्षं झाली, अजून मला तो दिवस गोड लागतो. लोक म्हणतात, सूड कडू असतो. त्यांनी तो आमच्या अंगणात चाखला नाही.

सीफसने वळचणीवरून ओळंबा सोडला. "बाई, बोटभर आतच आहे."

"पन्हळ?"

"पन्हळसुद्धा."

संध्याकाळी साहेब आला. नाक उन्हाने भाजलेलं, बुटात वाळू. वाटेच्या मधे आमचं घर उभं होतं आणि पायरीवर बसून आई शेंगा सोलत होती. त्याच्या भिंतीपासून आमच्या फळ्यांपर्यंत एक माणूस जेमतेम चालू शकेल एवढी फट उरली होती.

"हे... हे काय आहे?"

"घर," आई म्हणाली.

"माझी गाडी आत आहे!"

"हो. मी पाहिली. छान चादर घातलीत."

"आत्ताच्या आत्ता हलवा!"

"कुठे? माझ्याच जागेवर आहे. तुमच्या बाजूला एक बोट आलं असेल तर दाखवा."

त्याने खरोखर गुडघ्यांवर बसून पाहिलं. मर्टल टोपली घेऊन त्या फटीतून अंग तिरकं करून गेली. पोलीस आला तो खुंटी बघून म्हणाला, "साहेब, घराला हद्द ओलांडल्याबद्दल पकडायचं तर घराने ओलांडायला हवी," आणि उरलेलं कूकू खाऊन गेला. ब्रिजटाउनच्या वकिलाने सांगितलं, तुमच्या विरुद्ध सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे तुमच्याच भूमापकाचा नकाशा.

मग मॉरिस तिथेच राहिली. खारा वारा चादरीखाली शिरला. आधी दारांच्या कडा तपकिरी झाल्या, मग टायर बसले, मग मर्टलच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. साहेब बसने जाऊ लागला. कंडक्टर ओरडायचा, "लंडनवाले साहेब, जरा पुढे सरका, आत जागा आहे!"

पुढच्या पावसाळ्यात तो टोपी हातात घेऊन आमच्या पायरीशी आला.

"युडोरा, साखळी काढली मी. खांबही उपटले. आता घर मागे घे. पूर्वीसारखी दोघांची वाट करू."

आईने शिवणाचं यंत्र थांबवलं. "त्या रविवारी आंघोळीत तुम्ही कुठलं भजन म्हणत होता?"

"कुठल्या रविवारी?"

"तेवढं आठवून सांगा. मग घराचं बघू."

त्याला खरंच आठवत नव्हतं, त्याच्या तोंडावरून मला ते दिसलं. आईलाही दिसलं. तिने यंत्र पुन्हा सुरू केलं.

आमच्याही वाट्याला काही आलंच. आईच्या खोलीची खिडकी आता त्याच्या भिंतीवर उघडायची. वारा तुटला. भर दुपारी दिवा लावून ती शिवायची, मानेवरून घामाच्या धारा.

"आई, थोडं मागे घेऊ या ना आता," मी कितीदा म्हटलं.

"उकडू दे. त्यालाही उकडतंय."

तो आधी गेला, मग मर्टल, मग आई. घर तिथेच आहे आणि मी त्यात राहते. गेल्या महिन्यात साहेबाची नात टोरांटोहून आली. गोड मुलगी. येताना माझ्यासाठी केक घेऊन आली. म्हणाली, "आंटी आयोन, आजोबांचं घर मला दुरुस्त करायचंय. ट्रक आत यायला हवा. तुमचं घर जरा सरकवता येईल का? मी सगळं करून देईन."

मी तिला नारळाचा पाव दिला, चहा दिला. म्हटलं, "बाळा, घरं हलवणारी ती माणसं आता कुठे राहिली? ती विद्याच गेली."

ती हळहळली. केकचा डबा मला ठेवून, त्या फटीतून अंग तिरकं करून परत गेली.

सीफसचा धाकटा मुलगा अजून धडधाकट आहे. सुरूचे ओंडके त्याच्या अंगणात रचलेले आहेत. त्याचं नाव मी तिला सांगितलं नाही.