फ्रॉकच्या गळ्यात गेलेलं पान

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आहे. हे ऐकून निम्मे पळाले असतील. उरलेल्यांनी बसून घ्या.

माझा कागद जाड आणि बांधणी पक्की. बरीच वर्षं मी एका शाळेत काढली. तिथल्या बाई मला दरवर्षी नवं कव्हर घालत आणि मुलं माझ्यावर डोकं ठेवून झोपत. मला दोन्हींत सन्मानच वाटे. पुढे नवं पुस्तक आलं आणि मी रद्दीत गेलो.

तिथून मला उचललं एका टेलरमास्तरांनी. वाचायला नव्हे. कपड्यांचे खाके कापायला त्यांना जाड कागद हवा होता. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांची कात्री कुठल्याच नियमापाशी अडखळली नाही.

दुकानात त्यांची सून काजं-बटणं करायची. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत ती दोनदा इंग्रजीत नापास झाली होती. वयामुळे आता ही शेवटचीच संधी. आठ दिवस उरले असताना तिनं मला शोधून काढलं. हातात सुई, मांडीवर मी. अशी विद्यार्थिनी मी शाळेतही पाहिली नव्हती.

बाराव्या पानानंतर एकदम पंधरावं आलं. कर्ता-क्रियापदाचा मेळ आणि वाक्याची सुरुवात, तिच्या चुका व्हायच्या नेमकं तेच पान गायब. मास्तरांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि ते पान कुठल्यातरी फ्रॉकच्या गळ्यात गेल्याचं कबूल केलं. मग भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले सगळे खाके त्यांनी जमिनीवर ओतले. एक तुकडा गळ्यात सापडला, दुसरा बाहीत. सुनेनं ते माझ्यात टाचण्यांनी जोडले आणि मोठ्यानं वाचलं, की कर्ता एकटा असला तर क्रियापदाला एस लागतो, अनेक असले की तो गळतो.

“माणसं वाढली की शेपूट गळतं? आपल्या घरात उलट आहे,” मास्तर म्हणाले.

“आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोठं हवं, बाबा.”

“म्हणजे कॉलर. लोक आधी तीच बघतात.”

माझी काही उदाहरणं कातरणात गेली होती. तिनं दुकानातली घातली: मास्टर कट्स, मास्टर्स कट. मास्तर खूश.

तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या. नातीचा फ्रॉक संध्याकाळपर्यंत हवाच. खाका तर माझ्या पोटात. सून टाचण्या काढू लागली.

“राहू दे, सूनबाई. आत्ता त्यावर तुझं माप चाललंय.”

खाक्याशिवाय कापडाला कधी कात्री न लावलेल्या माणसानं नजरेनंच गळा कापला. वाकडा झाला. दुकानातलं तसलंच कापड घेऊन पुन्हा कापला, पुन्हा वाकडा. तिसरा जमला. आधीचे दोन गळे आजींना कधीच कळले नाहीत.

सून पास झाली. नर्सिंग शिकायला निघायच्या दिवशी ती मला पेटीत ठेवत होती, तेव्हा मास्तरांना टाचण्या गंजलेल्या दिसल्या. गाडीला तासच उरला होता. त्यांनी मला काढून घेतलं, टाचण्या उपटल्या आणि बारीक पांढऱ्या दोऱ्यानं ते पान शिवायला बसले.

मित्रांनो, पुस्तकाची पानं कापू नका, ही माझी हात जोडून विनंती. हातून कापलं गेलंच, तर असे शिवायला बसा. मास्तरांना त्या पानावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण एकही टाका त्यांनी अक्षरावर पडू दिला नाही.