ड्रोन पाडणारा हात

"पडलं! पडलं!"

धरणाच्या धक्क्यावरची गर्दी एकदम पुढं लोटली. पाण्यावर जेमतेम हातभर उंचीवर घोंघावणारं बातमीदाराचं ड्रोन आधी डगमगलं, मग कडेला घसरलं आणि बघता बघता पाण्यात गडप झालं. लाकडी चौथऱ्यावर उभ्या असलेल्या मौनीबाबांचा उजवा हात अजून वरच होता.

"जळ जागं आहे!" बाबा ध्वनिक्षेपकात गरजले. "त्याच्यावर डोळे वटाराल, तर ते डोळेच काढून घेईल! मी कोण पाडणारा? मी नुसता टपालवाला. हुकूम वरून येतो, मी हात करतो!"

बाबांचं मौन हे असं होतं. सकाळपासून ध्वनिक्षेपक तापला होता, पण बाबांचा घसा काही बसला नव्हता. त्यांनी पाडलेलं हे तिसरं ड्रोन. आदल्या दिवशी आणखी एक आलं होतं. ते मात्र बाबांचा हात वर असतानाच सुखरूप परत गेलं. तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "जा, तुला क्षमा केली." पडलेली तीन लोकांच्या तोंडी होती. क्षमा मिळालेलं एक सगळे सोयीस्कर विसरले होते.

गर्दीच्या कडेला फोटोवाली उभी होती. लग्नं, मोकळे प्लॉट, कारखान्यांची छपरं, जे म्हणाल ते वरून टिपून देणं हा तिचा धंदा. आज मात्र ती धंद्यासाठी आली नव्हती. तिचा दादा पाणीपुरवठ्याच्या तरंगत्या पंपावर मिस्त्री होता. सकाळी लहान होडीतून तो पंपाकडं गेला, मधेच सोसाट्याचा वारा सुटला आणि त्यानंतर ना होडी दिसली, ना दादा. फोन लागत नव्हता. शहरातून बचाव पथक निघालंय, असं सगळे सांगत होते. दुपार कलायला आली तरी ते आपलं निघालेलंच होतं.

"तू तरी चल ना," तिनं बोटवाल्याला पुन्हा विनवलं.

"ताई, मी नाही म्हणतोय का? पण पाणी केवढं, त्याला फाटे किती! कुठं म्हणून शोधू? डिझेल एका फेरीपुरतं आहे. आणि..." त्यानं आवाज खाली आणला. "बाबा म्हणतात, जळानं धरलेल्याच्या मागं जाणाराही जातो. माझ्या घरी बायकापोरं आहेत."

"दादाच्याही घरी आहेत."

बोटवाला खाली मान घालून दोरीशी चाळा करत राहिला.

चौथऱ्याशी वहिनी बसली होती. बाबांच्या सांगण्यावरून तिनं एका कानातलं काढून पाण्यात टाकलंसुद्धा होतं. दुसऱ्याची फिरकी निघत नव्हती, आणि वहिनी रडत रडत ती ओढत होती. कानाची पाळी लालबुंद झाली होती.

ते फोटोवालीला बघवेना. ती तडक बातमीदाराकडं गेली. तो हातातल्या रिमोटकडं खुळ्यासारखा बघत बसला होता.

"काय झालं नेमकं?"

"काय होणार? बाबा म्हणाले, खाली आण, पाण्यापासून हातभर उंचीला आण. मी आणलं. मग मी बोट उचललं हो! काहीच करत नव्हतो, तरी ते आपोआप सरकायला लागलं."

"कुठल्या दिशेला?"

बातमीदार जरा आठवू लागला. "लाटा जात होत्या ना, तिकडंच."

फोटोवाली थबकली. तिनं आजवर जमिनीवरच ड्रोन उडवलं होतं. जमीन कधी लाटांसारखी चालत नाही. तिनं पिशवीतून आपलं ड्रोन काढलं आणि उलटं धरलं. पोटाखाली दोन बारीक भिंगं होती. खालची जमीन बघून ड्रोन एका जागी थांबतं ते त्यांच्याच जोरावर. जमीन सरकलेली दिसली की ड्रोनला वाटतं, आपणच सरकलो, आणि ते तिच्या मागं जातं. आणि खाली चालतं पाणी असेल तर?

तिनं मोबाइलवर सेटिंग उघडली आणि ती भिंगं बंद करून टाकली. पडद्यावर लाल अक्षरात इशारा आला: आता उंची आणि जागा तुम्हालाच सांभाळावी लागेल.

पंखे फिरू लागले तशी वहिनी धावत आली आणि तिनं फोटोवालीचं मनगटच धरलं.

"वन्सं, नका हो! ते अजून पाण्यात आहेत. तुम्ही त्याला चिडवलंत आणि त्यांचं काही झालं, तर मी काय करू?"

"वहिनी, पाणी चिडत नाही गं."

"तुम्हाला काय माहीत? तिघांची पडलेली बघितली ना तुम्ही? माझ्या डोळ्यांदेखत पडली!"

"पडली, खरं आहे. का पडली ते मला कळलंय असं वाटतंय. चुकत असेन तर माझं ड्रोन जाईल, दादाचं काही जाणार नाही. पण आपण इथं नुसत्या बसून राहिलो ना, तर दादा नक्की जाईल. सोड हात."

वहिनीची बोटं सैल पडली. ड्रोन वर चढलं.

उंचावरून काही म्हणजे काही दिसेना. उन्हानं सगळं पाणी पत्र्यासारखं चकाकत होतं. त्यात माणसाचं डोकं शोधायचं कसं? खाली उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वारा ज्या बाजूला वाहत होता तिकडच्या फाट्यात तिनं ड्रोन नेलं आणि हळूहळू खाली आणलं.

"आणली का आणखी एक माशी?" मागून बाबांचा आवाज आला. "बघा रे सगळ्यांनी! हा हात वर!"

गर्दी श्वास रोखून फोटोवालीच्या खांद्यावरून तिच्या पडद्याकडं बघू लागली. ड्रोनला वाऱ्याचा झोत बसला, ते गचकन खाली आलं. कुणीतरी किंचाळलं. पडद्यावरचा उंचीचा आकडा वेडावाकडा उड्या मारू लागला. हवेच्या दाबावरून काढलेला तो अंदाज होता, झोत बसला की चुकणारा. फोटोवालीनं आकड्याकडं बघायचं सोडून दिलं. काठावरच्या लव्हाळ्यांचे शेंडे तिनं नजरेत धरले. शेंडे वर गेले की ड्रोन खाली चाललंय, वर घ्यायचं. शेंडे बुडाले की थोडं खाली. अंगठे घामानं निसटत होते. ड्रोन डोलत, हेलकावत, पण तरंगत पुढं सरकत राहिलं.

"पडत कसं नाही?" एक म्हातारी पुटपुटली.

बाबांचा हात वरच होता. आता तो अवघडला होता. मग बाबांना अचानक कान खाजवावासा वाटला आणि हात खाली आला.

"ते बघा!" बातमीदार ओरडला.

एक उलटी पडलेली होडी. तिच्या पलीकडं पाण्यात उभं वाळलेलं झाड, आणि त्याच्या बुंध्याला मिठी मारून राहिलेला माणूस. ड्रोनचा आवाज ऐकून त्यानं मान उचलली. हात मात्र त्याला उचलवला नाही.

"हेच ते!" वहिनी म्हणाली. बोटवाल्यानं एकदाच पडद्याकडं बघितलं, दोरी सोडली आणि इंजिनाला हिसका दिला. दोन माणसं न सांगता बोटीत उडी मारून बसली.

"माझं ड्रोन त्याच्या डोक्यावरच ठेवते," फोटोवाली ओरडून म्हणाली. "ते दिसेल तिकडं जा!"

पडद्यावर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकू लागला. ड्रोन परत येऊ का, असं विचारत होतं. तिनं नाही म्हटलं. मग ती गर्दीकडं वळून मुद्दाम मोठ्यानं बोलली, "सगळे ऐका. बॅटरी संपत आलीय. थोड्या वेळानं माझं ड्रोन पाण्यात पडणार आहे. मी आधी सांगून ठेवतेय."

बोट दूरच्या वळणावरून आत शिरली. पडद्याच्या कडेला तिचं टोक दिसलं, पुढं झुकलेला बोटवाला दिसला, आणि पडदा काळा झाला.

"पडलं," बातमीदार म्हणाला.

चौथऱ्यावर बाबा दचकून उठले आणि त्यांनी झटकन हात वर केला.

 मग ती म्हातारी खुदकन हसली. "बाबा, हुकूम उशिरा पोचला की हो!" हशा धक्क्यावर पसरत गेला. बाबा ध्वनिक्षेपकात काहीतरी बोलायला लागले, पण आता सगळ्यांचे डोळे बोटीच्या वाटेकडं लागले होते.

दादाला आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. गावातून बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला कांबळ्यात गुंडाळलं, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "बोटं बधिर झालीत. आणखी थोडा वेळ गेला असता, तर मिठी सुटली असती." वहिनी त्याचे पाय चोळत बसली. दादानं तिच्या लाल झालेल्या कानाकडं बघितलं आणि नुसती मान हलवली.

"मग आधीची तिन्ही कशी पडली?" म्हातारीनं विचारलं. आता ती हसत नव्हती.

फोटोवालीनं सगळं उलगडून सांगितलं. ड्रोनच्या पोटाखालच्या भिंगांना लाटांची चाल जमिनीची वाटते आणि ड्रोन लाटांमागं जातं. उंची मोजायला सोडलेला किरणही पाण्यावरून नीट परत येत नाही. त्यात इतक्या खाली आणलेलं ड्रोन सावरायला जागाच उरत नाही. "ते डगमगायला लागलं की बाबा हात वर करायचे. तुम्हाला वाटायचं, हातामुळं डगमगलं. खरं तर डगमगल्यामुळं हात वर जायचा."

"पण हे आम्हाला कसं कळावं? आम्हाला काय यंत्रातलं कळतं?"

"यंत्रातलं नाही कळलं तरी चालेल, आजी. मलाही आज सकाळी हे ठाऊक नव्हतं. पण कुणी चमत्कार दाखवला ना, की एवढं विचारायचं: केव्हा होणार ते आधी सांगता का? आणि जेव्हा फसला, ते दिवस मोजलेत का? आज माझा भाऊ तिकडं लाकडाला लोंबकळत होता, आणि आपण सगळे, मीसुद्धा, इथं एका माणसाच्या हाताकडं बघत उभे होतो. माणूस हरवला की हात बघायचा नाही. बोट काढायची."