दुसऱ्या परीक्षकाचा आक्षेप

लेखावर नाव नव्हतं. नियतकालिकाचा नियमच तसा. कुणी लिहिलं ते परीक्षकाला कळू द्यायचं नाही, कुणी तपासलं ते लेखकाला. पण काँक्रीटमधल्या सळ्या कशा गंजतात यावरच्या त्या लेखात नमुन्यांचा फोटो होता, आणि ओट्याची ती फुटकी फरशी परीक्षक, म्हणजे थोरला साडू, रोज बघायचा. त्याच्याच कॉलेजची प्रयोगशाळा. तिथे गंजावर काम करणारा एकच, म्हणजे लेख धाकट्या साडूचा.

नात्यातल्या माणसाचं लिखाण आलं तर संपादकाला कळवून परत करायचं असतं. थोरल्याने केलं नाही. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, चुरस दोघांतच होती, आणि इथे ज्याचं छापून येईल त्याचं पारडं जड. थोरल्याचा स्वतःचा लेख इथूनच साभार परत आला होता.

त्याने वाचला. लेख चांगला होता. तिथेच पोटात दुखलं. वाईट असता तर त्याने मोठ्या मनाने चार सूचना केल्या असत्या. मेव्हणीचा नवरा म्हणून ज्याला आपणच कॉलेजात चिकटवला, तो असं लिहितो?

मग त्याने पाचर मारली. खारट पाण्याच्या टबात बुडवलेल्या सळ्यांवरून काढलेलं गंजाचं सूत्र खऱ्या बांधकामाला लावू नये. जुन्या बांधकामातला पुरावा आणावा, नाहीतर लेख नाकारावा. उभी इमारत कोण फोडू देणार?

रविवारी दोघी बहिणींची घरं एकत्र जेवायला बसली.

"दादा, पहिला परीक्षक म्हणतो छापा," धाकटा म्हणाला, "आणि दुसरा म्हणतो इमारत फोडून आण."

"त्या मेल्याचंच डोकं फोडा," मेव्हणी म्हणाली. "भाऊजी, असली माणसं असतात तरी कोण हो?"

"असतात. अनुभवी."

"कसले अनुभवी!" बायको म्हणाली. "दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, बाकी काही नाही."

थोरला पाणी प्यायला.

"आक्षेपात दम आहे पण," धाकटा म्हणाला. "उत्तरच नाही त्याला. त्या परीक्षकालाही येत नसणार."

झालं! एवढा वेळ धरलेली जीभ सुटली.

"येत कसं नसेल?" थोरला उसळला. "कॉलेजमागची पाण्याची टाकी पाडतायत ना? तिच्यातल्या सळ्या काढ, तुझ्या सूत्रात टाकीचं वय घाल, गंज जुळतो का बघ. डोकं लागतं त्याला!"

धाकटा पाया पडायचाच बाकी राहिला.

सुधारलेला लेख पुन्हा थोरल्याकडेच आला. टाकीचा गंज सूत्राशी जुळला होता. पण खोट होतीच आणि ती त्याला लगेच दिसली. टबातलं पाणी खारं, टाकीतलं गोडं. लेख पाडायला एवढं पुरे होतं. त्याने झोकात लिहिलं, 'टाकीची तुलना बालिश आहे.'

आणि हात थांबला. हे वाक्य धाकटा जेवताना मोठ्याने वाचणार. 'दादा, तुमच्या कल्पनेला बालिश म्हणतोय!' मेव्हणी हसणार. बायको तर पोट धरून.

त्याने वाक्य खोडलं. 'स्वीकारावा' या शब्दावर खूण केली. खुर्ची गेली हे त्याला त्याच क्षणी कळलं. तरी संपादकासाठी ओळ टाकल्याशिवाय राहवलं नाही: 'टाकीची निवड असामान्य बुद्धीची आहे.'