खाऱ्या टाकीतला उपास

मी एक काचेची टाकी. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांच्या घरात, भिंतीकडेच्या लोखंडी घोडीवर बसलेली. सध्या माझ्यात ना पाणी, ना मासा, म्हणून बोलायला सवड आहे. पाणी असताना टाकीकडे कोण बघतं? सगळ्यांचे डोळे माशांवर. मी मधे आहे हे लोकांना कळायचं ते काचेवर नाक आपटल्यावर.

माझा जन्म शहात्तर सालचा. पिंपरी बाजारातल्या एका कापडदुकानाची दर्शनी काच फुटली आणि तिचे धड उरलेले तुकडे इम्तियाजने उचलून आणले. इम्तियाज मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री होता. ट्रकच्या इंजिनात त्याचा हात बसलेला, काचकामात मात्र अगदीच नवखा. भंगारातल्या अँगलचा सांगाडा त्याने वेल्डिंग करून जोडला, काचा पुट्टीत बसवल्या, आतून सांध्यांवर डांबर फिरवलं आणि बाहेरून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचे हात मारले. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी चारी कोपऱ्यांतून गळले. त्याचा उस्ताद म्हणाला, "भावा, टाकी करतोयस का चाळण?" इम्तियाजने पुन्हा सगळं खरवडून नव्याने बसवलं. त्याच्यात चिकाटी होती, आणि त्याला कारणही होतं.

कारणाचं नाव शमीम. त्याची नवी बायको, हर्णैच्या बाजूची. तिच्या माहेरच्या अंगणातून समुद्र दिसायचा. इथे खिडकीतून काय दिसायचं, तर कंपनीची चिमणी आणि समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरी. ती तक्रार करायची नाही. इम्तियाज सकाळी जायचा तो रात्री यायचा, आणि दिवसभर ती एकटी. शेजारणी जाता-येता मान हलवायच्या, पण उंबऱ्याच्या आत कोणी येत नसे. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "इथं मला कुणी हाक मारत नाही. तुम्ही घरी आलात की मगच मला माझं नाव ऐकू येतं." त्या वाक्यातून माझा जन्म झाला असं मी समजते.

शमीमचा भाऊ अकबर मासळीचा ट्रक घेऊन पुण्याला यायचा. बर्फाच्या पेट्यांमागे त्याने धुतलेल्या कॅनांतून समुद्राचं पाणी आणलं, पोतंभर वाळू आणली, आणि दुधाच्या एका कॅनमध्ये तीन मासे. खडकातल्या डबक्यात सापडतात ते; पिवळट अंगावर काळे उभे पट्टे, आणि स्वभावाने भांडकुदळ. "चिवट आहेत, मरायचे नाहीत," असं अकबर म्हणाला. त्याने आयुष्यभर मेलेले मासेच वाहिले होते, पण बोलला मात्र अगदी ठामपणे.

इथे पहिली चूक झाली. वाळूला खाडीचा वास येत होता. शमीमचं घर आरशासारखं. ती असली वाळू घरात कशी घेईल? तिने ती उकळत्या पाण्यात सोडा टाकून धुतली, पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, आणि मग माझ्या तळाशी पसरली. वाळू अशी पांढरीशुभ्र झाली की बघत राहावं. मलाही ती आवडली. त्या वाळूत जे काही जिवंत होतं ते सगळं मोरीतून वाहून गेलं, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मासे सोडले त्या संध्याकाळी अख्खी इमारत घरात आली. पोरं, बाया, ओव्हरटाइम संपवून आलेले पुरुष. "खाऱ्या पाण्यातले? इथं?" म्हणत सगळे बघून गेले. आठवड्याभरात नवलाई संपली. येत राहिल्या त्या एकट्या कुशाबाई.

कुशाबाई समोरच्या खोलीत राहायच्या. मूळच्या चिखलीच्या, शेतकरी घरातल्या. मुलाला कंपनीत नोकरी लागली, त्याला इथे घर मिळालं, तशा त्याही आल्या. गळ्यात माळ होती. गावी असताना दर एकादशीला इंद्रायणीच्या घाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायचा त्यांचा नेम होता. आता गुडघे धरले होते आणि नेम सुटला होता, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. एका दुपारी त्या पदराखाली वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "शमीम, ए पोरी, घालू का गं मासोळ्यांना दोन गोळ्या? देव घरी चालत आल्यावानी झालंय बघ."

शमीमला कोणीतरी हाक मारली होती. ती नाही कशी म्हणेल?

मग रोजचं झालं. एकादशीचं पुण्य कुशाबाई रोज करू लागल्या. दोघी माझ्यापुढे चटईवर बसायच्या. कुशाबाई गोळी टाकायच्या आणि बोलायच्या. सुनेचं, गावच्या जमिनीचं, तुरीच्या शेंगांचं. शमीम पाण्याचं, होड्यांचं सांगायची. तिचा आवाज मोठा झाला, हसू मोठं झालं. इम्तियाजला वाटलं, टाकीचा गुण आला. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

पण माझ्या पोटात काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. समुद्रातल्या त्या माशांना कणीक कुठे माहीत? दोन कण खायचे, बाकीचं वाळूत जायचं आणि कुजायचं. त्यात माशांची घाण. पाणी दुधाळ झालं. मासे भांडायचे थांबले, आणि माझ्या दृष्टीने ते सगळ्यात वाईट लक्षण होतं. ते वर हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांपाशी येऊन भराभरा कल्ले हलवू लागले. कुशाबाईंनी ते पाहिलं आणि कळवळून म्हणाल्या, "भुकेजलेत गं लेकरं. तोंडं वासतायत बघ." आणि दुसऱ्या दिवसापासून वाटीऐवजी वाडगा आला.

तीनांतला एक मेला. सकाळी शमीमला तो पंपाच्या नळीपाशी आडवा तरंगताना दिसला.

वरच्या मजल्यावर सोपानराव राहायचे, एका कारखान्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. इम्तियाजने त्यांना गाठलं. त्यांनी बाटलीत माझं पाणी नेलं आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "इम्तियाजभाई, औषध घातल्याबरोबर पिवळंजर्द झालं राव. अमोनिया आहे. मला माशातलं काही कळत नाही, पण या पाण्यात मी माझा हातसुद्धा घालणार नाही."

मग त्यांनी समजावलं. जुन्या पाण्यात, वाळूत, दगडांवर बारीक जंतू असतात. ते ही घाण खातात आणि तिचं विष कमी करतात. नव्या टाकीत ते नसतात. आले तरी वाढायला महिना-दीड महिना जातो. तोवर मासे आत असतील तर एकच उपाय: खाणं अगदी कमी, एक दिवसाआड चिमूटभर, थोडं थोडं पाणी काढून तसंच खारं पाणी भरायचं, हवा बंद पडू द्यायची नाही, आणि वाळू अजिबात धुवायची नाही.

शमीम ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे विरजण. मी भांडं घासून ठेवलं, दूध ओतलं, पण विरजण लावलंच नाही."

"अगदी तेच, वहिनी."

"आणि मी तर होतं तेही उकळून मारलं."

अकबरला निरोप गेला. पुढच्या खेपेला त्याने समुद्रातले दगड आणि मूठभर वाळू ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली, न धुता. पाण्याचे कॅन आणले. वीज जायची तेव्हा पंप थांबायचा. त्यावर इम्तियाजने ट्रकची ट्यूब फुगवून तिच्या व्हॉल्व्हला बारीक नळी लावली आणि ती माझ्यात सोडली. ट्यूब हळूहळू हवा सोडायची आणि बुडबुडे चालू राहायचे. पाणी आटलं की साधं, दिवसभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. हे सगळं जमलं. राहिली एकच गोष्ट, आणि ती सगळ्यात अवघड होती. कुशाबाईंना नको कोणी म्हणायचं?

"मी सांगतो मावशींना," इम्तियाज म्हणाला.

"नको," शमीम म्हणाली. "त्या माशांसाठी येतात. त्यांना नको म्हटलं तर पुन्हा येतील कशाला? या इमारतीत माझं दुसरं कोण आहे?"

मग तिने जे केलं ते मला मुळीच पटलं नाही. दुपारी दाराला आतून कडी लावून ती गप्प बसू लागली. बाहेरून हाक यायची, "शमीम, ए पोरी!" ती श्वास धरून बसायची. कुशाबाईंची पावलं परत जायची आणि ही तोंडात पदर कोंबून रडायची. जिच्यासाठी तिने सगळं चालवलं होतं, तिलाच दाराबाहेर ठेवत होती. माणसं एकेकदा भांडं वाचवायला दूध ओतून देतात.

चौथ्या का पाचव्या दिवशी कुशाबाई हटल्या नाहीत. "दुखनं आलंय का तुला? दार उघड, न्हाईतर सोपानरावास्नी बोलावते." शमीमने दार उघडलं. कुशाबाईंच्या एका हातात भाताची पेज होती, दुसऱ्या हातात गोळ्यांचा वाडगा. ती पेज पाहून शमीमचा धीरच सुटला. ती एका दमात बोलून गेली. "मावशी, कणकेनं पाणी विषारी झालं. एक मासा गेला. मी वाळू धुतली ती माझी चूक, पण आता गोळ्या नका घालू. उरलेले दोन वाचायचे तर त्यांना रोजा ठेवायला हवा. एक दिवसाआड."

कुशाबाईंनी माझ्यातल्या दोन माशांकडे पाहिलं. "म्या मारला व्हय?" एवढंच म्हणाल्या. पेज खाली ठेवली आणि वाडगा घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शमीमने दार उघडं टाकलं होतं, सताड. ती भाजी निवडायला दारात बसायची आणि समोरच्या बंद दाराकडे बघायची. मला माझी लाज वाटत होती. एका मुलीची एकुलती एक मैत्रीण माझ्यापायी गेली, असंच मी धरून चालले होते.

मग एका दुपारी उंबऱ्यात सावली पडली. रिकाम्या हातांनी कुशाबाई उभ्या. "आज उपास हाय का सुटलाय त्यांचा?"

"उपास आहे," शमीम म्हणाली.

"मंग मला बसू दे. उपास मोडाय लय जण टपल्याले असत्यात. एक जीव गेला माझ्या हातून, ह्ये दोन जगवल्याबिगर माझं मन न्हाई थाऱ्यावर यायचं."

आणि त्या बसल्या. असा पहारा मी पाहिला नाही. कोणाचं पोर बिस्किटाचा तुकडा घेऊन आलं तर त्या गरजायच्या, "उपास हाय त्यांचा, कळतं का न्हाई?" शमीमचे रोजे सुरू झाले तेव्हा तर टाकीत नि टाकीबाहेर एकच शिस्त. दगडांवर तपकिरी बुरशीसारखा थर आला, मग हिरवा. शमीमचे हात तो पुसायला शिवशिवायचे. कुशाबाई तिचा हात धरायच्या. "ऱ्हाऊ दे. शेणखत बी वंगाळच दिसतं." हळूहळू पाणी नितळ झालं. सोपानरावांच्या बाटलीतला पिवळा रंग फिका होत होत एक दिवस उमटलाच नाही. त्याच दिवशी दोन्ही मासे एका दगडावरून कचाकचा भांडले आणि दोघी बायका टाळ्या वाजवून हसल्या.

त्यापुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे चांगली गेली. त्या दोघांतला एक मासा ऐंशी साली गेला, वयाने. दुसरा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, यंदा उन्हाळ्यात. तोवर मीही थकले होते. मीठ लोखंडाला सोडत नाही. माझा सांगाडा फुगून पापुद्रे सुटले, एका कोपऱ्यातून पाणी झिरपू लागलं. इम्तियाजने पाणी उपसलं, वाळू काढली आणि मला कोरडं पुसून तिथेच ठेवलं.

त्या रात्री शमीम त्याला म्हणाली, "आता मावशी कशाला येतील?" इतक्या वर्षांनंतरही ती हेच म्हणाली. मीसुद्धा तेच म्हणत होते. त्या तर मासे जगवायला यायच्या; ते काम संपलं होतं.

दुपार झाली. कुशाबाई भिंत धरत धरत आल्या. माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या टाकीला हात जोडले. मग चटई ओढली. इतकी वर्षं दोघी शेजारी शेजारी, माझ्याकडे तोंड करून बसायच्या. त्या दुपारी कुशाबाई माझ्याकडे पाठ करून, शमीमच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोल पोरी. काल तुझ्या आईचं सांगत व्हतीस, ते अर्धंच ऱ्हायलं."

तेव्हापासून मला फक्त त्यांची पाठ आणि अंबाडा दिसतो. एरवी कोणी असं पाठ फिरवून बसलं असतं तर मला राग आला असता. इम्तियाज विचारतो, टाकी भंगारात घालू का, आणि शमीम राहू द्या म्हणते. शमीम, माझी भीड धरू नकोस. घाल मला खुशाल. तेवढीच जागा होईल. मावशींना हल्ली पाय पसरून बसावं लागतं.