नंदीच्या कानातला गोंडा

बैलांचा सण, बेंदूर, तोंडावर आला होता. मुरगूडजवळच्या त्या वाडीत निम्मं गाव देवळापुढे जमलं होतं. मधोमध पांढराशुभ्र बैल. शिंगांना बेगड, पाठीवर आरशांची झूल, दोन्ही कानांवर वाटीएवढे लाल गोंडे. शेजारी ढोलकी घेऊन नंदीमहाराज. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार नंदी फिरवून पोट भरणाऱ्यांपैकी हे नव्हते. यांचा नंदी थेट वैद्यकी करायचा.

"बोल नंदीश्वरा, सुई टोचली तर गाईचं दूध आटतंय का?"

ढोलकीवर काठी घासली गेली. गुबुगुबु. नंदीनं मान वर-खाली केली. बायकांनी हात जोडले.

"आन् माझा मंतरलेला दोरा बांधला तर लम्पी शिवंल का?"

महाराजांच्या पायातले घुंगरू खणकले. नंदीनं मान आडवी हलवली. गर्दीतून "आगं आई!" असा सूर उठला.

मी जनावरांची डॉक्टर. लशीचा डबा घेऊन समोरच्या कट्ट्यावर बसले होते. माझ्याकडे कुणी फिरकत नव्हतं आणि डब्यातला बर्फ वितळत होता. ओढ्यापलीकडच्या गावात जनावरांच्या अंगावर लम्पीच्या गाठी उठल्या होत्या. हा रोग नेणाऱ्या चावऱ्या माश्यांना ओढा आडवा येत नाही. शिवाय लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही, अंगात ताकद यायला काही आठवडे जातात. आज टोचणं गरजेचं होतं.

तानाबाई चंद्रीला घेऊन उभी होती. तिचं घर या एका गाईच्या दुधावर चालायचं. चंद्रीच्या गळ्यात काळा दोरा.

"तानाबाई, टोचून घेऊया का?"

"नगं गं बाई. सुईनं दूध आटतंय म्हणतोय की नंदी."

"आणि मी सांगते ते?"

"तुझं काय, तू सरकारी हायस."

मी पुन्हा नंदीकडे बघत बसले. प्रश्न कुठलाही असो, काठी घासली की होकार, घुंगरू वाजले की नकार. मी उठले.

"महाराज, मलाही एक विचारायचंय. ढोलकी देता जरा?"

महाराज देईनात. गावातल्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा दिलदार नालबंद ओरडला, "द्या की वो! देव हाय न्हवं त्यो, बाईमाणसाला भितोय व्हय?"

ढोलकी हातात आली. "नंदीश्वरा, महाराज थापा मारतात का?"

मी काठी घासली. नंदीनं मोठ्या भक्तिभावानं मान डोलावली.

हशा पिकला. "देवाची चेष्टा!" महाराज गरजले. त्या गोंगाटात नंदीनं कान झटकला, गोंडा सरकला, आणि मागे पिवळा बिल्ला दिसला. आमचा दवाखाना नोंद झालेल्या जनावराच्या कानात मारतो तसलाच.

"ह्यो दागिना हाय," महाराज म्हणाले.

"मग माझ्या म्हशीलाबी दागिना हाय!" दिलदार म्हणाला.

नुसत्या बिल्ल्यावरून लस दिली असं ठरत नाही. म्हणून मी ढोलकी दिलदारच्या हातात दिली आणि सिरिंज भरली.

"टोचून टाकते. बैलच आहे, दूध आटायची काळजी नाही."

"नगं! देवाला रोग हुत न्हाय."

"मग सुईनंही काही व्हायचं नाही." मी बैलाच्या मानेची कातडी चिमटीत धरली.

"आवो, परत कशाला?" महाराज किंचाळले. "गेल्या म्हयन्यात टोचून घेतलाय की! ताप आला तर बेंदराला फिरवू कसा?"

तानाबाईनं चंद्रीच्या गळ्यातला दोरा हिसडा मारून तोडला आणि महाराजांच्या अंगावर फेकला.

"आपल्या बैलाला सुई, आन् माझ्या गाईला दोरा व्हय रं?"

ती चंद्रीला ओढत माझ्याकडे आली. "टोच. दूध आटंल का, खरं सांग."

"एखाद-दोन दिवस थोडं कमी होईल, अंग तापेल, टोचल्या जागी गाठ येईल. मग सगळं पूर्ववत. लस म्हणजे अंगाला रोगाची आधीच ओळख करून देणं. खरा रोग आला की अंग त्याला ओळखतं आणि लढतं. दोरा कुणाशीच लढत नाही."

चंद्रीमागे रांग लागली. प्रत्येक जनावराला नवी सुई. महाराज झूल गुंडाळून निघाले होते. कुणीतरी विचारलं, "नंदीश्वरा, लस चांगली का रं?" आणि दिलदारनं ढोलकीवर काठी घासली. नंदीनं मान डोलावली.

त्यावरही विश्वास ठेवू नका. ढोलकी कुणाच्या हातात आहे, ते बघा. आणि उपाय सांगणाऱ्याला एवढंच विचारा : तुझ्या गोठ्यात तू काय केलंस?