खाट क्रमांक एकची बदनामी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे आणि माझ्यावर एकशे चौदा माणसे मारल्याचा आरोप होता.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग पांढरा होता आणि चारही चाके एकाच दिशेला जात. इस्पितळात मला सिस्टरांच्या टेबलाशेजारची जागा मिळाली. एकोणीस वर्षे मी कण्हणे ऐकले. कौतुक एकदाच झाले, तेही नव्या गादीचे.

मग अभ्यास करणारे एक डॉक्टर आले. त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि सांगितले, "एक नंबरच्या खाटेवर मृत्यू तिप्पट आहेत." आकडा खरा होता. खापर मात्र माझ्यावर फुटले. मला धुतले, वास घेतला, शेवटी पार टोकाच्या खिडकीशी ढकलले. माझ्या जागी नवी कोरी खाट आली. चार महिन्यांत तिच्यावरही मृत्यू तिप्पट.

"खाट बदलली तरी आकडा तोच कसा?" डॉक्टर म्हणाले.

"अहो, जास्त आजारी माणूस मीच टेबलाशी ठेवते, नजरेसमोर राहावा म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "मला विचारलंत कधी?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. स्वच्छ चष्माच पुसला.

तोवर बातमी गावभर झाली होती. एक लेक धापा टाकणाऱ्या आईला घेऊन आला आणि अडून बसला. "टेबलाजवळ नको. तिथली माणसं जातात. त्या खिडकीपाशी ठेवा, तिथली सगळी घरी जातात."

"तिथली बरी होत आलेलीच असतात, बाबा."

"असू दे. आई माझी आहे."

आईची नखे निळी पडत होती. सिस्टरांनी तिला माझ्यावर निजवले आणि तिच्यासकट मला ढकलत टेबलापाशी आणले. "खाट खिडकीचीच आहे. आता खूश?"

दुपारी आईचा श्वास अडकला. सिस्टर दोन पावलांवर होत्या. आई वाचली.

आठ दिवसांनी घरी निघताना ती म्हणाली, "सिस्टरबाईंची नजर होती म्हणून." लेक मात्र माझी दांडी थोपटत म्हणाला, "ही खाट पायगुणाची आहे हो."

आता ताप आला तरी लोक मलाच मागतात. परवा दोघे माझ्यासाठी भांडले; एकाला नुसती उचकी लागली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, मित्रांनो. मी आधी फांदी मोडणारा कावळा होते, आता फांदी सांधणारा झाले. बसून बसून थकले.

तेव्हा मला शिव्या देऊ नका, ओवाळूही नका. माझ्यावर कोणाला निजवले आणि का, एवढे आधी विचारा. आणि डावे मागचे चाक अडते, त्याला तेल घाला. त्या दिवशी टेबलापर्यंत पोचायला त्याच्यामुळेच उशीर होत होता.