माफीची तिसरी खेप

प्लंबर आणि चष्मेवाला हे सख्खे भाऊ. दोघांची घरं एकमेकांपासून पायी सात मिनिटांवर, आणि सहा वर्षं दोघांत धड बोलणं नाही. वडिलांचं आता काही खरं नाही, हे थोरल्याला, म्हणजे प्लंबरला, आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. धाकटा तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. त्याला फोन गेला दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. भांडण एवढंच. तेवढं पुरलं.

यहुदी नववर्षाला बारा दिवस उरले होते. इतरांकडे नवं वर्ष नाचत येतं. यांच्याकडे झाडाझडती घेत येतं. देवाच्या पुढच्या वर्षाच्या पुस्तकात तुमचं नाव लिहायचं की नाही, हे तेव्हा ठरतं. देवाचे अपराध देव बघून घेतो. माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाच्याच दारात जाऊन माफी मागावी लागते. तीन वेळा. तिन्ही वेळा त्याने नाही म्हटलं, तर मागणारा सुटला आणि पाप नाकारणाऱ्याच्या डोक्यावर.

थोरल्याच्या दोन खेपा झाल्या होत्या. पहिल्यांदा तो म्हणाला, "चुकलं माझं, पण तुझा त्या दिवशी इंटरव्ह्यू होता." धाकट्याने "नाही" म्हणून दार लावलं. पुढच्या वर्षी थोरला बायकोला बरोबर घेऊन गेला. "चुकलं माझं, पण तू येऊन तरी काय करणार होतास?" बायकोने तिथेच कपाळावर हात मारला. धाकटा पुन्हा "नाही" म्हणाला, आणि मग मात्र सावध झाला. नियम त्यालाही पाठ होता. तो फोन उचलेना. रस्त्यात थोरला दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जाई. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला त्याने खांबाआडची जागा धरली, जिथून काहीच दिसत नसे.

"तो आता नाही म्हणायलाच घाबरतोय," थोरल्याची बायको म्हणाली.

"मग मी काय करू?"

"आधी तो 'पण' काढ. गळती बंद न करता भिंतीला रंग मारतोस का तू?"

मग तिने चष्म्याच्या दुकानात फोन करून डोळे तपासायची वेळ घेतली. बुधवार, दुपारी तीन. नाव दिलं आपल्या माहेरच्या आडनावाने.

बुधवारी थोरला दुकानात शिरला तेव्हा एक म्हातारी गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेमी लावून बघत होती. तिच्यादेखत धाकट्याला भावाला हाकलता येईना. त्याने त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं.

"बसा. हनुवटी इथे टेका," तो म्हणाला. ती दोन 'नाही' सोडली, तर सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

थोरल्याने टेकली. धाकट्याने भिंगं फिरवली.

"कुठलं स्पष्ट दिसतंय? पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"आता?"

"दोन्ही सारखीच. तुला मी त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. केला नाही. माफ कर."

धाकट्याचा हात भिंगावरच राहिला. तो पुढच्या शब्दाची वाट बघत होता. थोरल्याने तोंड मिटून घेतलं होतं.

"का नाही केलास?"

"वाटलं, दोन दिवस तरी काढतील. उगाच कुणाला घाबरवायला नको. अंदाज चुकला."

"बाबांनी माझ्याबद्दल विचारलं?"

"दोनदा. मी सांगितलं, निघालाय म्हणून."

बाहेरून म्हातारीने विचारलं, "ही निळी कशी दिसते हो?"

"छान," धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला. मग हळूच, "काय म्हणाले ते?"

"म्हणाले, गाडी सावकाश चालवायला सांग त्याला."

धाकटा स्टुलावर बसला. "सहा वर्षांत हे सांगायला तोंड नव्हतं तुला, दादा?"

"शेवटच्या दिवशी बापाशी खोटं बोललो होतो. लाज वाटत होती."

धाकट्याने डोळे पुसले, नाक पुसलं, मग हात धुतले, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांजवळ जायचं होतं.

"केलं माफ," तो म्हणाला. "डावा डोळा राहिलाय. हलू नका."

नववर्षाच्या संध्याकाळी धाकटा सहकुटुंब थोरल्याकडे जेवायला गेला. सगळ्यांनी सफरचंदाच्या फोडी मधात बुडवून खाल्ल्या आणि वर्ष गोड जावो असं एकमेकांना म्हटलं. धाकट्याच्या बायकोने सहा वर्षांत साठलेलं सगळं थोरल्या जावेला एका बैठकीत सांगितलं. त्यात जेवण गार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग फुंकलं गेलं. झोपलेल्याला हलवून जागं करावं, तसा तो आवाज. दुपारी सगळे नदीवर गेले. वर्षभराची पापं वाहत्या पाण्यात सोडायची, म्हणून त्या दिवशी खिसे झटकतात.

"बाबा पुलाच्या डाव्या बाजूला उभे राहायचे," थोरला म्हणाला.

"उजव्या."

"डाव्या. मी त्यांचा हात धरून असायचो."

"आणि मी खांद्यावर असायचो. वरून जास्त दिसतं."

अर्ध्या तासाने दोघी जावांनी आपापले खिसे झटकले आणि त्या घरी निघून गेल्या. भाऊ अजून पुलाच्या मधोमध उभे होते.